एन्झाइम अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी "कमी करतं" म्हणजे नेमकं करतं तरी काय?

गोंधळलेला_मामा

लोकहो, जरा मदत हवीये. भाचीची बायोलॉजीची परीक्षा तोंडावर आलीये आणि "मामा इंजिनियर आहे, त्याला विचार" म्हणून ताईने ती माझ्या गळ्यात टाकलीये. माझं बायोलॉजी शाळेतच सुटलं, विकर म्हणजे एन्झाइम एवढंच आठवतं.

काल आम्ही हौसेने एक प्रयोग केला. कच्च्या बटाट्याच्या चकतीवर जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, ते ३ टक्केवालं. दोन-तीन सेकंदात बारीक बुडबुडे दिसायला लागले आणि बघता बघता पांढरा फेस वर येऊन कडेवरून बशीत ओघळला. मग उकडलेल्या चकतीवर तेच ओतलं तर ढिम्म. एकही बुडबुडा नाही, नुसती ओली चकती. पोरगी खूश, मी पण खूश.

मग पुस्तक उघडलं आणि माशी शिंकली. पुस्तकात लिहिलंय की बटाट्यातलं कॅटालेज नावाचं एन्झाइम पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, कारण एन्झाइम अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी कमी करतं. वाक्य संपलं. भाची म्हणते, मामा, कमी करतं म्हणजे काय करतं? ते स्वतःची एनर्जी देतं का? देत असेल तर ती संपत कशी नाही, कारण पुढच्याच ओळीत लिहिलंय की एन्झाइम खर्ची पडत नाही. मी आपलं कुलूप आणि किल्लीचं उदाहरण ठोकून दिलं, एन्झाइम म्हणजे कुलूप आणि त्यात बसणारा रेणू म्हणजे किल्ली, तर म्हणे किल्ली कुलपात इतकी फिट्ट बसली तर ती तिथेच अडकून बसेल की, त्याने काम फास्ट कसं होईल, उलट स्लो व्हायला पाहिजे.

खरं सांगतो, माझी बोलतीच बंद झाली. गुगल करून बघितलं तर सगळीकडे तोच एक डोंगराचा ग्राफ, एक उंच रेघ आणि एक बुटकी रेघ. रेघ बुटकी का झाली ते कोणीच सांगत नाही. कोणी नीट समजावून सांगेल का? घोकून पाठ होणारं नको, पोरगी ऐकणार नाही.

---

हौशी_केमिस्ट

सोप्पं आहे हो. पेशीत एटीपी नावाचा ऊर्जा पुरवणारा रेणू असतो, एन्झाइम त्यातून ऊर्जा घेतं आणि सबस्ट्रेटला, म्हणजे ज्या रेणूवर ते काम करतं त्याला, देतं, म्हणून रिअ‍ॅक्शन पटकन होते. एटीपी पुन्हा पुन्हा तयार होत राहतं म्हणून एन्झाइम संपत नाही. एवढंच सांगा तिला.

---

पेट्रीडिश

हौशी_केमिस्ट, रागावू नका पण हे चुकीचं आहे, आणि मामांनी हे भाचीला सांगितलं तर ती लगेच पकडेल, कारण तिने ओतलेल्या बाटलीत एटीपी नव्हतं आणि कॅटालेजला ते लागतही नाही. एटीपीचं काम वेगळं असतं. जी रिअ‍ॅक्शन एकूण हिशोबातच तोट्याची आहे ती एटीपी तुटण्याच्या फायद्याच्या रिअ‍ॅक्शनला बांधून ओढून न्यायची, ते काम एटीपीचं. पेरॉक्साइडचं पाणी होणं हा मुळात फायद्याचाच सौदा आहे, बाटलीत ठेवलं तरी ते हळूहळू तुटतच असतं. फक्त फार हळू.

मामा, मी बरीच वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवते, त्यामुळे जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, एन्झाइम एनर्जी देत नाही. ग्लुकोज घ्या. एक मोल म्हणजे १८० ग्रॅम ग्लुकोज जळलं तर जवळपास २,८०० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते, आणि त्याला लागणारा ऑक्सिजन तर आजूबाजूला भरपूर आहे. तरी बरणीतलं ग्लुकोज वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. का, तर जुने बंध तुटत आलेत आणि नवे अजून नीट जुळले नाहीत अशा एका अवघडलेल्या अवस्थेतून त्या रेणूला जावं लागतं. तिला ट्रान्झिशन स्टेट म्हणतात आणि ती टिकते सेकंदाचा अगदी नगण्य भाग. धड इकडे नाही, धड तिकडे नाही. तिथवर पोचायला जी ऊर्जा लागते ती अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी. तुमच्या ग्राफमधल्या डोंगराचं टोक म्हणजे हीच अवस्था.

आता कुलूप-किल्ली बाजूला ठेवा आणि शर्टाचं बटण बघा. बटण गोल असतं पण काज गोल असतं का? नाही, ती एक बारीक चीर असते. बटण जसं दिसतं त्या मापाचं काज आपण पाडत नाही, पलीकडे जाताना ते ज्या आडव्या स्थितीत असतं त्या मापाचं पाडतो. एन्झाइमच्या अ‍ॅक्टिव्ह साइटचंही, म्हणजे ज्या खोबणीत सबस्ट्रेट बसून काम होतं तिचंही, तसंच आहे. ती सबस्ट्रेटच्या मूळ आकाराला साधारण बसते खरी, पण बेतलेली असते त्या अवघडलेल्या अवस्थेला. म्हणजे एन्झाइम सबस्ट्रेटला जेवढं घट्ट धरतं त्याच्या कितीतरी पट घट्ट ट्रान्झिशन स्टेटला धरतं. लायनस पॉलिंगने १९४० च्या दशकातच हे मांडलं होतं.

आणि तुमच्या भाचीचा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे, तिला माझ्याकडून शाबासकी द्या. सबस्ट्रेटलाच फार घट्ट धरलं तर काम अडतंच. भिंत चढायचीये आणि तुम्ही आधी पायाखाली खड्डा खणून घेतलात तर भिंत उलट उंचच होणार ना.

मग रेघ बुटकी करायची ऊर्जा येते कुठून? तर ती त्या धरण्यातूनच येते. अ‍ॅक्टिव्ह साइटमधले अमिनो आम्लांचे गट त्या रेणूशी बारीकसारीक बंध करतात, कुठे हायड्रोजन बंध, कुठे धन-ऋण प्रभारांची ओढ, कुठे तेलकट भाग तेलकट भागाला चिकटतो. प्रत्येक बंध जुळताना थोडी ऊर्जा सुटते, आणि ट्रान्झिशन स्टेटला असे बंध जास्त मिळतात म्हणून ती अवस्था स्वस्त पडते. काम झालं की तयार झालेला माल त्या साच्याला नीट बसत नाही, तो सुटून जातो, आणि एन्झाइम पूर्वी होतं तसंच उरतं. म्हणून खर्ची पडत नाही.

आता आकडा बघा. २५ अंश तापमानाला ही चढण साधारण ५.७ किलोज्यूल प्रति मोल एवढीच उतरवली की वेग दहापट होतो. म्हणजे चांगल्यापैकी एका हायड्रोजन बंधाएवढ्या फरकात दहापट! सहा वेळा तेवढं उतरवलं की दहा लाख पट. म्हणून ती रेघ फार बुटकी झालेली दिसत नसली तरी परिणाम प्रचंड असतो, आणि पुस्तकातल्या ग्राफमधून नेमकं हेच कळत नाही.

---

गोंधळलेला_मामा

बटणाचं काज!! पेट्रीडिश ताई, तुम्हाला साष्टांग नमस्कार. मी शर्ट काढून दाखवला तिला, घरचे म्हणतायत मामाला काय झालं.

पण शंका संपल्या नाहीत. ती म्हणते, घट्ट धरणं सोडून एन्झाइम अजून काही करतं का, की नुसतं धरून बसतं? आणि दुसरं, काजातून बटण उलटंही जातं, मग एन्झाइम रिअ‍ॅक्शन उलटी पण फास्ट करतं का? पाणी आणि ऑक्सिजनचं परत पेरॉक्साइड?

---

पेट्रीडिश

उलट्या दिशेचं आधी सांगते कारण ते पटकन संपेल. हो, दोन्ही दिशांना वेग तेवढ्याच पटीने वाढतो. डोंगराची उंची कमी झाली की दोन्ही बाजूंनी चढणाऱ्याला फायदा, पण कुठली दरी जास्त खोल आहे ते एन्झाइम बदलू शकत नाही. पेरॉक्साइडच्या बाबतीत पाण्याची बाजू इतकी खोल आहे की उलटं जाणं नावालाच. पण रक्तातलं कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज बघा. शरीरात जिथे कार्बन डायऑक्साइड तयार होतो तिथे ते त्याचं बायकार्बोनेट करतं, आणि फुफ्फुसात तेच एन्झाइम बायकार्बोनेटचा परत कार्बन डायऑक्साइड करतं जो आपण श्वासातून सोडतो. दिशा ठरते ती कुठल्या बाजूला गर्दी आहे त्यावर. ह्या एन्झाइमचा एक रेणू सेकंदाला दहा लाखाच्या आसपास रेणू हातावेगळे करतो, आणि तेवढी घाई लागतेही, कारण आपण शांत बसलेलो असताना फुफ्फुसातल्या केशवाहिनीत रक्त जेमतेम पाऊण सेकंद असतं. एन्झाइम नसतं तर तेवढ्या वेळात पुरेसा वायू बाहेरच पडला नसता.

आता ते नुसतं धरून बसतं का? अजिबात नाही, बऱ्याच भानगडी करतं. दोन रेणू लागणार असतील तर त्यांना एकत्र आणून बरोबर कोनात समोरासमोर बसवतं, एरवी पाण्यात ते हजार वेळा आपटतील पण चुकीच्या बाजूने. जवळच एखादं आम्ल किंवा अल्कली तयार ठेवतं, म्हणजे ऐन वेळी प्रोटॉन द्यायला किंवा घ्यायला कोणीतरी हजर. कधी धातूचा आयन बसवून ठेवतं, कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेजमध्ये झिंक आहे, तो पाण्याच्या रेणूला धरून त्याचा प्रोटॉन सैल करतो. तुमच्या बटाट्यातल्या कॅटालेजमध्ये हीम आहे, म्हणजे लोह असलेला गट. आणि कधी कधी एन्झाइम स्वतः सबस्ट्रेटला थोडा वेळ पक्का बंध करून पकडतं, म्हणजे एका मोठ्या चढाऐवजी दोन छोटे चढ होतात. आपल्या आतड्यातलं प्रथिनं पचवणारं कायमोट्रिप्सिन हेच करतं, त्याच्या साखळीतलं १९५ नंबरचं अमिनो आम्ल, सेरीन, अन्नातल्या प्रथिनाच्या साखळीवर हल्ला करतं, अर्धा तुकडा स्वतःला चिकटवून घेतं, मग पाण्याचा रेणू येऊन तो सोडवतो. त्या सेरीनला जोर यायला शेजारी ५७ नंबरचं हिस्टिडीन आणि १०२ नंबरचं अ‍ॅस्पार्टेट बसलेलं असतं. साखळीत हे तिघं एकमेकांपासून किती लांब आहेत बघा, पण घडी अशी पडलीये की अ‍ॅक्टिव्ह साइटमध्ये शेजारी शेजारी येतात.

वेगाची कमाल बघायची तर ओएमपी डिकार्बोक्सिलेज. डीएनए-आरएनएचे सुटे भाग बनवताना लागतं. त्याची रिअ‍ॅक्शन नुसत्या पाण्यात साध्या तापमानाला निम्मी व्हायला ७ कोटी ८० लाख वर्षं लागतात असं १९९५ मध्ये मोजलं गेलं, म्हणजे डायनासोर असताना सुरू केली असती तर आत्ता कुठे अर्धी उरकली असती. एन्झाइमच्या हातात तेच काम सेकंदाला तीस-चाळीस वेळा होतं. आणि गंमत म्हणजे ह्यात ना धातू आहे ना कुठला मदतनीस रेणू, नुसतं प्रथिन.

---

शंकासुर

एक शंका. मग ते कुलूप-किल्ली चुकीचंच आहे का? आम्ही तर तेच लिहून मार्क मिळवले. आणि अजूनही पुस्तकात आहे.

आणि बटणाच्या उदाहरणात बटण बदलत नाही, सबस्ट्रेट तर बदलतो. तेवढी गफलत आहेच. :)

---

पेट्रीडिश

गफलत मान्य. बटण काजातून गेल्यावर त्याचे दोन तुकडे झाले असते तर उदाहरण परफेक्ट झालं असतं, पण मग शर्ट कोण शिवणार.

कुलूप-किल्ली एमिल फिशरने १८९४ मध्ये मांडलं. त्याच्यापुढे प्रश्न होता की एन्झाइम इतकं चोखंदळ कसं, म्हणजे एकाच प्रकारची साखर तोडतं आणि तिची आरशातल्या प्रतिमेसारखी बहीण दिली तर ढुंकूनही बघत नाही. त्या प्रश्नाला ते उत्तर छान आहे. वेग का वाढतो त्याचं उत्तर त्यात नाही, ते तुमच्या-आमच्या शिक्षकांनी त्याच्या गळ्यात घातलं.

१९५८ मध्ये डॅनियल कोशलंडने सांगितलं की कुलूप पण हलतं, सबस्ट्रेट आला की एन्झाइमचा आकार त्याच्याभोवती बदलतो. इंड्यूस्ड फिट म्हणतात ते हेच. माझं आवडतं उदाहरण हेक्सोकायनेज. हे ग्लुकोजला एटीपीवरचा फॉस्फेट लावतं. आता अडचण अशी की पेशीत सगळीकडे पाणीच पाणी, आणि ग्लुकोजच्या ज्या ओएच गटावर फॉस्फेट लावायचा तसाच ओएच पाण्यातही आहे, मग फॉस्फेट पाण्याला का जात नाही? कारण ग्लुकोज आत बसल्याशिवाय एन्झाइम मिटतच नाही. त्याला दोन पाळ्या आहेत, ग्लुकोज आलं की त्या तोंड मिटल्यासारख्या जवळ येतात, पाणी बाहेर ढकललं जातं आणि मगच कामाचे गट बरोबर जागी येतात. आता चलाखी बघा. ग्लुकोजऐवजी झायलोज दिलं, जे जवळपास तसंच दिसतं पण नेमका तो शेवटचा कार्बन आणि त्याचा ओएच त्याला नाही, तर एन्झाइम फसतं, पाळ्या मिटतात, रिकाम्या जागेत पाण्याचा रेणू शिरतो आणि एटीपी फुकट तुटायला लागतं. मी हे वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची पोरं पण मान वर करतात.

---

गोळीवाला

उशिरा आलो, पण धागा आवडला म्हणून औषधांच्या बाजूने थोडी भर. मी फार्मा रिसर्चमध्ये काम केलंय.

भाचीचा "किल्ली अडकून बसेल" हा मुद्दा म्हणजे आमचा अख्खा धंदा आहे! औषध बनवताना आम्ही मुद्दाम अडकणारी किल्ली शोधत असतो. ट्रान्झिशन स्टेटसारखा दिसणारा पण पुढे न जाणारा, टिकाऊ रेणू बनवला तर एन्झाइम त्याला कवटाळून बसतं आणि खरं काम राहून जातं. फ्लूवरचं ओसेल्टामिविर असंच आहे, विषाणूच्या न्यूरामिनिडेज एन्झाइमच्या ट्रान्झिशन स्टेटची नक्कल. ताईंनी वर जे सांगितलं ती नुसती थिअरी नाही, त्यावर गोळ्या बनतात.

उलटा पुरावाही आहे. १९८६ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की ट्रान्झिशन स्टेटच्या नकलेला चिकटणारी अँटिबॉडी घेतली, तर ती अँटिबॉडी ती रिअ‍ॅक्शन चक्क फास्ट करते. अँटिबॉडीचं काम एरवी फक्त धरणं, पण बरोबर आकाराला धरलं की ती एन्झाइमसारखी वागायला लागली. खऱ्या एन्झाइमच्या मानाने बरीच संथ, तरी तत्त्व सिद्ध झालं.

सगळीच औषधं नक्कलवाली नसतात. अ‍ॅस्पिरिन कॉक्स नावाच्या एन्झाइमच्या एका सेरीनवर अ‍ॅसिटिल गट कायमचा चिकटवून टाकतं, म्हणजे दाराला सरळ कुलूपच. रक्तातल्या प्लेटलेट पेशींना केंद्रक नसतं, त्या नवं एन्झाइम बनवू शकत नाहीत, म्हणून त्या प्लेटलेटचं उरलेलं आयुष्य, म्हणजे आठवडा-दहा दिवस, तो परिणाम राहतो.

आणि नुसत्या गर्दीने हटवायचं उदाहरण म्हणजे मिथेनॉलची विषबाधा. मिथेनॉल स्वतः तेवढं घातक नाही, पण लिव्हरमधलं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं, पुढे त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि डोळ्याची नस जाते. हॉस्पिटलमध्ये त्यावर फोमेपिझोल हे त्या एन्झाइमला अडवणारं औषध देतात, ते नसेल तर चक्क इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, कारण तेच एन्झाइम इथेनॉलला जास्त पसंत करतं, त्यात गुंतून राहतं आणि तोवर मिथेनॉल न बदलता शरीराबाहेर काढता येतं. (हे डॉक्टरांचं काम आहे, घरी कोणी अक्कल चालवू नका.)

---

मांजरप्रेमी

मी सायन्सवाली नाही पण उकडलेल्या बटाट्यावर कोणी काही बोललंच नाही म्हणून लिहिते. आमच्या व्हेटने सांगितलेली गोष्ट. सयामी मांजराचे कान, नाक, पंजे, शेपूट काळपट आणि बाकी अंग फिकट का असतं माहितीये? त्यांच्यात रंग बनवणारं टायरोसिनेज नावाचं एन्झाइम जरा बिघडलेलं असतं, अंगाच्या ऊबेत ते नीट चालतच नाही, पण कान-शेपूट अशा गार भागात चालतं. म्हणून पिल्लं जन्मतात तेव्हा पांढरट असतात, कारण आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब! नंतर हळूहळू टोकं काळी होतात. मला तेव्हापासून एन्झाइम म्हटलं की मांजरच दिसतं.

---

पेट्रीडिश

मांजरप्रेमी, एक नंबर उदाहरण, मी हे उद्याच वर्गात वापरणार.

बटाट्याचं राहिलंच की. एन्झाइम म्हणजे शेकडो अमिनो आम्लांची साखळी एका विशिष्ट घडीत दुमडलेली, आणि ती घडी टिकते त्याच बारीकसारीक बंधांवर. उकळत्या पाण्यात रेणू इतके हादरतात की ते बंध सुटतात, घडी विस्कटते, काज शिल्लकच राहत नाही. साखळी तुटत नाही हां, नुसती विस्कटते. मामा, तुम्हाला कुठे मँगनीज डायऑक्साइड मिळालं तर तेही पेरॉक्साइडवर फेस आणतं, आणि ते आधी तासभर उकळून घेतलंत तरी तसाच आणतं, कारण त्याला घडीच नाही. साधा उत्प्रेरक आणि एन्झाइम यातला फरक दाखवायला याहून सोपा प्रयोग नाही.

सगळीच एन्झाइम इतकी नाजूक नसतात. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांमध्ये थर्मस अ‍ॅक्वाटिकस नावाचा जिवाणू सापडला, तो ७० अंशाच्या आसपास मजेत वाढतो. त्याचं डीएनए बनवणारं एन्झाइम ९५ अंशाचे चटके परत परत सोसतं, त्यावरच पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढायचं तंत्र, चालतं.

---

हौशी_केमिस्ट

पेट्रीडिश ताई, एटीपीचं माझं चुकलं, मान्य. मी पण इतकी वर्षं तेच धरून बसलो होतो. एक विचारू का, सबस्ट्रेट वाढवत नेला तर वेग वाढतच जातो का?

---

पेट्रीडिश

नाही, एका मर्यादेनंतर सपाट होतो. तिकीट खिडकीसारखं, रांग कितीही वाढली तरी खिडक्या तेवढ्याच. त्या वरच्या मर्यादेला व्ही-मॅक्स म्हणतात, आणि निम्मा वेग मिळायला जेवढा सबस्ट्रेट लागतो तो केएम. मायकेलिस आणि मेंटन, १९१३. पेशीला वेग बदलायचा असेल तर ती खिडक्या वाढवते किंवा काही खिडक्या बंद करते. बऱ्याच ठिकाणी साखळीतला शेवटचा माल जास्त झाला की तोच परत येऊन पहिल्या एन्झाइमला ब्रेक लावतो, अ‍ॅक्टिव्ह साइटपासून लांब कुठेतरी चिकटून.

---

गोंधळलेला_मामा

मंडळी, रिपोर्ट देतो. आज दुपारी परत बशा मांडल्या.

भाचीने स्वतःच ठरवलं की एन्झाइम खर्ची पडत नाही हे तपासून बघायचं. कच्च्या चकतीवर पेरॉक्साइड ओतलं, फेस आला, हळूहळू बसला, बुडबुडे थांबले. मी म्हटलं संपलं एन्झाइम. ती म्हणे थांब. फेस टिपून काढला आणि त्याच चकतीवर नवं पेरॉक्साइड ओतलं. परत फेस! म्हणजे संपलं होतं ते पेरॉक्साइड. तिसऱ्यांदाही आला, चौथ्यांदा मात्र जरा मलूल वाटला.

मग एक चकती फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवलेली होती ती बाहेर काढून वितळू दिली. माझा अंदाज होता की उकडलेल्यासारखीच ढिम्म राहील. तर ती कच्चीसारखीच फसफसली, मला तर जास्तच वाटली. मामाचा अंदाज सपशेल चुकला आणि हे वाक्य आता घरात रोज ऐकू येणार.

चौथ्या वेळेला मलूल का झालं आणि गारठ्याने एन्झाइम मेलं कसं नाही, एवढं सांगा म्हणजे सुटलो.

---

पेट्रीडिश

अरे वा, तुमच्या भाचीला लॅबमध्ये पाठवा.

गारठ्याने घडी सहसा विस्कटत नाही, नुसतं सगळं संथ होतं, ऊब मिळाली की परत चालू. उलट बर्फाच्या स्फटिकांनी बटाट्याच्या पेशी फाटल्या असणार, म्हणून आतलं कॅटालेज मोकळं होऊन जास्त फसफसलं असेल. आणि चौथ्या वेळी मलूल, कारण पेरॉक्साइड जास्त प्रमाणात असलं की ते कॅटालेजचीच मोडतोड करतं, शिवाय दर वेळी टिपताना थोडं एन्झाइम फेसाबरोबर पुसलं गेलं. रिअ‍ॅक्शनमध्ये खर्ची पडत नाही याचा अर्थ अमर आहे असा नाही. पेशीतही जुनी एन्झाइम मोडीत काढून नवी बनवणं चालूच असतं.

---

गोंधळलेला_मामा

हे वाचून दाखवलं आणि चूक केली. तिचा पुढचा प्रश्न: नवी एन्झाइम बनवतं कोण? मी म्हटलं दुसरं एन्झाइम असेल. तर म्हणे, मग त्याला कोणी बनवलं, आणि त्याच्या आधीच्याला?

---

पेट्रीडिश

प्रथिनं बनवतो रायबोसोम, आणि त्यात अमिनो आम्लं एकमेकांना जोडायचं मुख्य काम प्रथिन करत नाही, आरएनए करतो. आरएनए स्वतः उत्प्रेरक असू शकतो हे १९८० च्या दशकात थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवलं, १९८९ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यालाच मिळालं. त्यामुळे प्रथिनांच्या आधी माहिती साठवणं आणि रिअ‍ॅक्शन घडवणं ही दोन्ही कामं आरएनएच करत असावा असं बऱ्याच जणांना वाटतं. पण मामा, परीक्षा झाल्यावर ह्यासाठी वेगळा धागा काढा, आणि या वेळी तिलाच लिहू द्या.